कापूरखिंडीतला भोंगा

कापूरखिंडीच्या दोन बाजूंना दोन ओढे आहेत आणि त्यांचं आपसांत बोलणं नाही. अलीकडच्या ओढ्यात उभं राहून वॉकीटॉकीत घसा फोडला तरी पलीकडच्या ओढ्यात नुसती खरखर पोचते. मधे डोंगराचा कणा आडवा पडलाय. म्हणून सुट्टीला हौसेने डोंगरात गाड्या घालणाऱ्या पूली गावच्या जीपवाल्यांनी फार वर्षांपूर्वी एक रीत पाडली. ताफा डोंगरात शिरला की एक माणूस खिंडीत बसवायचा. त्याने अलीकडचं ऐकून पलीकडे सांगायचं, पलीकडचं ऐकून अलीकडे.

हा माणूस म्हणजे भोंगा. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, दात सुपारीने लाल, आणि आवाज असा की सेट बंद असला तरी निम्म्या ताफ्याला ऐकू जावा. बायको वारलेली, मुलगी तैपेईला, भाताची गिरणी विकून टाकलेली. गावात त्याला कुणी काही विचारत नसे. पण खिंडीत बसला की दोन्ही दऱ्यांतली माणसं त्याच्या तोंडाकडे कान लावून असत. जगात तेवढी एकच जागा होती, जिथे त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

आणि निरोप जसाच्या तसा पोचवील तर तो भोंगा कसला. खालून "जॅक पाठव" असा निरोप निघाला, तर पलीकडे पोचेपर्यंत त्याचं "जॅक पाठव, नसेल तर सासऱ्याला पाठव, तोही तेवढंच वजन उचलतो" असं होई. लोक हसत, शिव्या देत, आणि पुढच्या निरोपाची वाट बघत. एक भेकर म्हणे रोज त्याच्यापाशी बातम्या ऐकायला येऊन बसे आणि हवामान सांगून झालं की उठून जाई. एका बुटक्याने म्हणे त्याच्या बॅटऱ्या उसन्या नेल्या होत्या. परत आल्या त्या दुप्पट चालायला लागल्या, तेव्हापासून तो त्या दर महिन्याला आपणहून देत असे.

बुटके म्हणजे डोंगरातले ते. त्यांचं याहून जास्त नाव कुणी घेत नाही. पायथ्याशी भूमिदेवाचं हातभर देऊळ आहे. तिथे उदबत्ती लावून, देवापुढे एक पेटती सिगरेट खोचून जीप पुढे निघाली, की कुणाचंही पूर्ण नाव तोंडातून काढायचं नाही. बुटके कान देऊन बसलेले असतात. नाव कळलं की ओळखीच्या आवाजात हाक मारतात, माणूस ओ देतो, आणि त्यांच्यामागे चालू लागतो. म्हणून ताफ्यात ज्याला त्याला टोपणनाव, आणि आपलं पूर्ण नाव कानावर आलं तर ओ द्यायची नाही, वळूनही बघायचं नाही.

हे सगळं आजोबा-पणजोबांपासूनचं. पण ते वॉकीटॉकीवर आणून बसवलं भोंग्याने. चहाच्या टपरीवर तो एक गोष्ट सांगायचा. तायचुंगचा एक ड्रायव्हर होता. सेटवर त्याचं पूर्ण नाव आलं, अगदी त्याच्या आईच्या आवाजात. गडी "हो आई" म्हणाला. चार दिवसांनी सापडला तो बांबूच्या बेटात, मांडी घालून बसलेला, तोंडात नाकतोडे आणि चिखल. म्हणत होता, लग्नाचं जेवण चाललंय, वाढा अजून. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. हा तायचुंगवाला जन्मालाच आला नव्हता. एका पावसाळी दुपारी चहा संपेपर्यंत वेळ जाईना, म्हणून भोंग्याने त्याला जन्माला घातला होता. आता मात्र ती गोष्ट ताफ्यातला प्रत्येक जण आपल्या मावसभावाला घडलेली म्हणून सांगत होता.

भोंग्याचं स्वतःचं पूर्ण नाव ल्याओ चिन-शुएई. ताफ्यात ते उच्चारणारा एकच माणूस होता, त्याचा धाकटा भाऊ.

धाकट्याला सगळे कोबी म्हणत, कारण तो डोंगरउतारावर कोबी लावायचा. काटक, अबोल, पन्नाशी गाठलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी चहाच्या कारखान्यातली एक बाई बहिणीच्या जीपमधून ताफ्यात यायची. कोबीच्या मनात ती भरली होती. मनातलं ओठांवर आणायला त्याला तीन मोसम लागले, आणि शेवटी पलीकडच्या ओढ्यातून त्याने खिंडीत निरोप दिला, "विचार तिला, थंडीत कोबी काढायला येईल का म्हणावं." भोंग्याने विचारलं. दोन्ही दऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "कोबी विचारतो, लग्न करतेस का? शेतावर मजूर परवडत नाहीत!"

ताफा वर्षभर हसला. बाई पुढच्या फेरीपासून आली नाही. कोबीने त्याच दिवशी, भुतांच्या महिन्यात, म्हणजे मेलेले मोकळे हिंडतात त्या दिवसांत, भर डोंगरात, सेटचं बटण दाबून थोरल्या भावाचं पूर्ण नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग म्हणाला, "घ्या. न्या याला."

तेव्हापासून त्याने दादा म्हणणं सोडलं. टोपणनावही सोडलं. बोलायची वेळ आलीच तर गावात ल्याओ चिन-शुएई, डोंगरात दुसऱ्याकरवी. भोंगा हसून म्हणायचा, "बुटक्यांनी मला नेलं होतं रे, पण माझी बडबड ऐकून परत आणून सोडलं." मनातून मात्र त्याला वाटे, चुकलं कुणाचं? एका विनोदावर एवढं? म्हणेल कधीतरी दादा. त्याने म्हणावं. आधी त्यानेच म्हणावं.

नव्या वॉकीटॉकीचा विषय निघाला तो स्टेपनीच्या दुकानात. स्टेपनी म्हणजे ताफ्याची यंदाची प्रमुख, चाळिशीतली, टायरचं दुकान एकटी चालवणारी बाई. शरद ऋतूत एक जीप पलीकडच्या उतारावर दिवसभर अडकली, कारण जुन्या सेटांच्या बॅटऱ्या थंडीत माना टाकत होत्या. तेव्हा ठरलं, आता सगळ्यांनी एकाच जातीचे नवे सेट घ्यायचे.

स्टेपनीने टेबलावर सेटांची रांग लावली होती. पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात ती एकेक बुडवत होती.

"हा गेला," बुडबुडे बघत ती म्हणाली. "खोक्यावर लिहिलंय पाण्यात पोहतो म्हणून."

"पोहतोय की," भोंगा म्हणाला. "तळाशी."

"आणि हा बघा दादा, पन्नास किलोमीटर जातो म्हणे."

"जाईल. वर, आभाळात."

निवृत्त बसड्रायव्हर डुलकी, जो कुठेही टेकला की डोळे मिटायचा, त्याने एक गुळगुळीत सेट उचलला. तो मोबाइलच्या मनोऱ्यांवरून चालायचा. डुलकी दुकानात बसल्या बसल्या काओशुंगच्या मेव्हण्याशी बोलला आणि खूश झाला.

"मेव्हणा ओढ्यात अडकला तर उपयोगी आहे," स्टेपनी म्हणाली. "आपण अडकलो तर नाही. खिंडीपलीकडे मनोरा कुठाय? ठेव खाली."

कुणाचं बटण इतकं बारीक की हातमोज्याच्या बोटाने दबेना. कुणाची अँटेना आखूड. कुणाला पडदा एवढा मोठा की बॅटरी तोच पिऊन टाकी. गाळता गाळता दोन राहिले. एक साधा, विटेसारखा जड, लांब अँटेनेचा, बॅटरी काढून दुसरी घालता येणारा. पण डोंगर त्यालाही ओलांडता येणार नव्हता, म्हणजे खिंडीत माणूस हवाच. दुसरा नव्या धाटणीचा. त्याच्यासोबत भाकरीच्या डब्याएवढी एक पेटी होती. पेटी खिंडीत ठेवायची, ती एका बाजूचं ऐकून आपोआप दुसऱ्या बाजूला सोडते.

सगळ्यांनी भोंग्याकडे न बघण्यासाठी कुठे ना कुठे बघितलं.

"म्हणजे दादांना आता थंडीवाऱ्यात बसायला नको," स्टेपनी मऊ आवाजात म्हणाली. "खाली आमच्यात या. शेकोटीपाशी. भात-मटण तयार असतं."

"भात-मटण काय, पेटीला घाला," भोंगा म्हणाला. "ती थंडीत बसणार ना?"

कोपऱ्यातून कोबी बोलला. टबाकडे बघत बोलला.

"पेटी मीठमसाला लावत नाही. पेटीच घ्या."

भोंग्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "स्टेपनी, तुझ्या त्या शेतकऱ्याला विचार, पेटी हसवते का म्हणावं."

"विचारायचं असेल तर स्वतः विचारा ना!" स्टेपनी वैतागली. "दोघं चार हातांवर उभे, आणि मी मधे खिंड झाले. बरं, ऐका. रविवारी फेरी आहे. दोन्ही घेऊन जाऊ. आधी पेटीची पाळी, मग दादांची. पेटीच्या पाळीत दादांनी तोंड उघडायचं नाही. जे चांगलं चालेल ते घेऊ. मान्य?"

भोंग्याने मान डोलावली. घरी जाऊन त्याने जुना सेट पुसला, नवी बॅटरी घातली, आणि बराच वेळ तो हातात धरून बसला.

रविवारी पायथ्याशी भूमिदेवाला सिगरेट पेटवून ताफा निघाला. वर खिंडीत कापराच्या जुन्या खोडाशेजारी भोंग्याची बसायची सपाट शिळा आहे. स्टेपनीने पेटी तिच्यावरच ठेवली, तारेने बांधली, अँटेना फिरवून घट्ट केली. मग पिशवीतून मक्याच्या फुग्यांचं हिरवं पाकीट काढलं आणि पेटीच्या डोक्यावर चिकटपट्टीने नीट बसवलं. पूलीत कुठलंही यंत्र या पाकिटाशिवाय चालू करत नाहीत. बँकेचं असो, दवाखान्याचं असो. पाकीट हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि शिळं तर मुळीच नको; नाहीतर यंत्र रुसतं.

"चल बाई, शहाण्यासारखी वाग," ती पेटीला म्हणाली. मग भोंग्याला, "दादा, हिच्यावर लक्ष ठेवा."

"पोरगी वयात आलीय, ठेवतो."

ताफा अलीकडच्या ओढ्यात थांबणार होता. पलीकडे एकच जीप जाणार होती, कोबीची. खाली ओढा ओलांडून पलीकडच्या सपाटीवर पोचायचं आणि तिथून बोलायचं. प्रत्येकाच्या एका खिशात नवा सेट, दुसऱ्यात जुना. कोबीची जीप भोंग्याच्या गुडघ्याला घासत गेली. काच खाली होती. कोबी समोर बघत होता. भोंगाही समोर बघत होता.

दोन्ही बाजूंना इंजिनांचे आवाज विरत गेले. शिळेवर पेटी बसलेली, म्हणून भोंगा जमिनीवर बसला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ढुंगणाखालची ओल वर चढत चालली. पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. गंमत म्हणून त्याने पाकिटाकडे मान वाकडी करून पाहिलं. मागच्या शिवणीवर तारीख छापलेली होती. पाकीट गेल्या महिन्यातच शिळं झालेलं.

भोंगा हसला. अशी गोष्ट त्याला रचूनसुद्धा सुचली नसती. आता पेटी बिघडली, तर तिला कुणी दोष देणार नाही, आणि त्याला तर नाहीच. उरेल फक्त पाकीट. त्याने अँटेनेला दोन बोटांनी धरलं आणि उलटी फिरवली. थोडी. अजून थोडी. बघणाऱ्याला ती जागेवरच दिसली असती.

थोड्या वेळाने जुन्या सेटवर खालून स्टेपनी बोलली. "भोंगादादा, कोबीचा पत्ता लागत नाही. पेटीचा दिवा लागलाय का?"

"लागलाय. हिरवा." यात एक शब्द खोटा नव्हता.

"बरं. तुम्ही काही सांगू नका हं पलीकडे. मी परत बघते."

"मी कुठे काय बोलतोय."

त्याने मिठाच्या चहात उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. अर्धं सोलून झालं होतं, तेव्हा पलीकडच्या बाजूने सेट खरखरला.

"ल्याओ चिन-शुएई."

भोंग्याचा हात थांबला. मानेवरचे केस क्षणभर उभे राहिले, तेवढं त्याने स्वतःला माफ केलं. आवाज कोबीचा होता. मागे पाणी खळाळत होतं, स्पष्ट.

"ल्याओ चिन-शुएई, उत्तर दे."

वा, भोंग्याला वाटलं. पेटी बहिरी झाली की थोरला आठवतो. आणि अजूनही पूर्ण नाव. अजूनही. त्याने सेट गुडघ्यावर ठेवला, अंगठा बटणावर ठेवला, दाबला नाही. दादा म्हण. एकदा म्हण. भोंगा म्हण, तेही चालेल. मग बघ, असा निरोप पोचवतो की मीठ नाही, मसाला नाही, शब्दाला शब्द.

खरखर झाली. मग आवाज आला तो बदललेला. शब्दांच्या मधे श्वास, आणि श्वासांच्या मधे दात आवळल्यासारखं काहीतरी.

"ल्याओ... चिन-शुएई..."

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या आवाजावर पोट नाही पण जीव पोसला होता, त्याला तो श्वास कळला नाही असं कसं म्हणावं? कळला. पुरता कळला. अंगठा बटणावरच होता. खालची ओल आता हाडापर्यंत आली होती. तो वाट बघत राहिला, त्या एका शब्दाची. सेट गप्प झाला.

भोंग्याने अंडं खाल्लं.

"दादा," स्टेपनीचा आवाज आला. "कोबी काही बोलला का तुमच्याकडे?"

"तुझ्या पेटीला विचार."

"पेटी नाही बोलत हो!"

"मग तसं म्हण की. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण."

खाली कुणीतरी हसलं. स्टेपनी हसली नाही. "बरं बाबा. पेटी हरली. भोंगादादा जिंकले. ऐकलंत सगळ्यांनी? आता तरी त्याला हाक मारा."

भोंग्याने बटण दाबलं. "कोबी. कोबी, खिंडीतून भोंगा बोलतोय. ऐकतोस?" पलीकडून खरखर. "कोबी. अरे कोबी, बोल." खरखर. त्याने सेट हलवला, उभा राहिला, शिळेवर चढला, पेटीच्या डोक्यावरून ओरडला, "कोबी!" सेटची गरज नसलेला तो आवाज दरीत गेला आणि रिकामा परत आला.

खाली इंजिनं एकदम सुरू झाली. जीपा वर चढताना ऐकू येत होत्या. भोंग्याने पेटीची अँटेना फिरवली आणि घट्ट बसवली.

जीप ओढ्याच्या वळणावर कुशीवर पडलेली सापडली. काठ खचला होता. कोबीचा उजवा हात दाराचा खांब आणि खडक यांच्या मधे चिरडला होता, आणि डावा, सेट धरलेला, मोकळा; सेट निसटून पाण्यात गेलेला. तो शुद्धीवर नव्हता. डुलकीने, जो कुठेही डोळे मिटायचा, त्याने पूर्ण रस्ता त्याला मांडीवर धरून टक्क जागं राहून खाली आणलं. दवाखान्यात हात कोपरापासून काढावा लागला. "अर्धा-पाऊण तास आधी मिळाला असता तर बघितलं असतं," एवढं डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले.

पेटी दुकानात आणून लावली, तर ती घड्याळासारखी चालली. दुकानाच्या मागून बोललं, नदीवरून बोललं, सगळं स्वच्छ. माणसं एकमेकांकडे बघू लागली. डुलकी हळूच म्हणाला, "इथे चालते. तिथेच नाही चालली." मग स्टेपनीने पाकीट सोडवलं आणि तिची नजर मागच्या शिवणीवर गेली. तिने ते वाचलं, परत वाचलं, आणि टायरच्या चळतीवर बसून ती रडायला लागली.

"मी बघितलं नाही. कपाटातलं उचललं. तारीख नाही बघितली मी. माझ्यामुळे गेला हो त्याचा हात."

"असू दे, असू दे," लोक म्हणत राहिले, पण नाही असं कुणी म्हणालं नाही.

भोंगा दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडलं, आणि त्यात सुपारी टाकली.

हात वर करून मत घेतलं, तेव्हा पहिला हात स्टेपनीचा होता. साधे सेट, लांब अँटेना, आणि खिंडीत माणूस. "यंत्राचं काही खरं नाही," ती म्हणाली. "दादा, तुम्हीच बसा. तुमचं अंग चालेल तोवर बसा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर तो माशाचं सूप घेऊन दवाखान्यात गेला. जखम भरायला तेच देतात; वाटेत ते सांडू नये म्हणून तो सावकाश चालला, आणि सावकाश चालण्याचं आणखीही कारण होतं. कोबी उशाला टेकून बसला होता. उजवीकडे पांढरं आखूड गाठोडं. भोंगा स्टुलावर बसला. सूप निवत चाललं.

"दादा," कोबी म्हणाला.

इतक्या वर्षांनी. भोंग्याला पटकन कळेना की हे कुणाला उद्देशून आहे.

"दादा, चूक माझी आहे."

"काय बोलतोस तू."

"नाही, ऐक. पेटीवर कुणी बोलेना, म्हणून जुन्या सेटवर तुला हाक मारली. आणि पूर्ण नाव घेतलं. भर डोंगरात, ओढ्याकाठी. सवयच लागली होती मेली. मी पडून होतो ना, तेव्हा आठवलं मला तुझं, तो तायचुंगवाला. म्हटलं, आता दादा ओ देणार नाही. कसा देईल? मीच मूर्ख. टोपणनाव घ्यायचं सुचेपर्यंत सेट गेला पाण्यात." त्याने डाव्या हाताने चादर वर ओढली. "बरं झालं नाही दिलीस. तिथे काय बसलं होतं कुणास ठाऊक. तुलाच घेऊन गेले असते. मागे मीच तर म्हणालो होतो ना त्यांना, न्या म्हणून."

भोंग्याने सुपाच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.

"तुला ऐकू आलं होतं का रे?" कोबीने विचारलं. "माझा वाटला आवाज?"

हीच ती वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकीबाहेर एक बाई कपडे झटकत होती. भोंग्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर पूर्वीची मोकळी माया परत आली होती, आणि ती टिकायला एकच गोष्ट हवी होती. गोष्ट तर त्याच्याकडे नेहमीच असायची.

"आधी वाटलं तूच," तो म्हणाला. "मग नीट कान दिला. मागे पाण्याचा आवाजच नव्हता. ओढ्यातून बोलणाऱ्याच्या मागे पाणी वाजतं की नाही? अगदी कोरडा आवाज. विहिरीतून यावा तसा. तेव्हा ओळखलं."

कोबीचे डोळे मोठे झाले. "पाणी नव्हतं? माझ्या तर कानाशी पाणी होतं, दादा!"

"तेच तर."

"म्हणजे माझी हाक तुझ्यापर्यंत आलीच नाही. मधेच त्यांनी..." मग त्याने दीर्घ श्वास सोडला, ओझं उतरल्यासारखा. "बघ. आणि मी वेडा, पडल्या पडल्या क्षणभर वाटलं होतं मला, की तू ऐकतोयस आणि मुद्दाम..."

"सूप पी," भोंगा म्हणाला. "गार होतंय."

कोबीने डाव्या हाताने चमचा धरला. निम्मं सूप चादरीवर सांडलं. भोंग्याने पुसलं. ही त्याने आजवर रचलेली सर्वांत चोख गोष्ट होती. तिच्यात एक शब्द जास्त नव्हता, आणि ती ऐकून कुणी हसलं नाही.

वसंतात ताफा पुन्हा निघाला. सगळ्यांकडे नवे, विटेसारखे सेट. कोबी आता गाडी चालवत नसे. डुलकीच्या शेजारी बसून तो सगळ्यांना सांगे, माझ्या दादाने कसं पाण्यावरून ओळखलं. ती गोष्ट तायचुंगवाल्याच्या पुढे गेली होती. स्टेपनी आता प्रत्येक पाकिटाची तारीख मोठ्याने वाचून दाखवायची, कुणी विचारलं नाही तरी.

भोंगा शिळेवर बसला. शिळा त्याची होती. अलीकडून विचारणा आली, त्याने पलीकडे जशीच्या तशी सांगितली. पलीकडून उत्तर आलं, ते शब्दाला शब्द अलीकडे दिलं. मीठ नाही, मसाला नाही.

"भोंगादादा, आज तब्येत बरी नाही का?" खालून कुणीतरी म्हणालं. "पेटीसारखे बोलताय!"

दुपारी दोन्ही दऱ्या जेवायला बसल्या. सेटवर शांतता झाली. खिंडीत वारा नव्हता. भोंग्याने बराच वेळ सेट हातात धरला. मग अंगठा दाबला, आणि आपल्या स्वतःच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या आवाजात तो म्हणाला,

"ल्याओ चिन-शुएई बोलतोय. ल्याओ चिन-शुएई. ऐकताय का कुणी? मला काहीतरी सांगायचंय."

अंगठा उचलून त्याने वाट पाहिली. अलीकडच्या दरीतून खरखरसुद्धा आली नाही. पलीकडूनही नाही. त्याने पुन्हा नाव घेतलं, पुन्हा विचारलं, आणि कापराचं खोड, शिळा आणि तो असे तिघे ऐकत राहिले.

उतरताना पायथ्याशी, भूमिदेवाच्या देवळापाशी, स्टेपनी धावतच त्याच्याकडे आली. चेहरा पांढरा पडला होता. मागून कोबी, डुलकी, सगळेच.

"दादा, बरे आहात ना? दुपारी सेटवर तुमचं पूर्ण नाव आलं हो! आणि आवाज हुबेहूब तुमचाच! आम्ही दोन्हीकडच्यांनी खटाखट सेट बंद केले. कुणीसुद्धा ओ दिली नाही."

"शहाणे आहात," भोंगा म्हणाला.

"तूही नाही ना दिलीस, दादा?" कोबीने उरलेल्या हाताने त्याची बाही घट्ट पकडली होती. "तू नाही ना दिलीस?"

"नाही," भोंगा म्हणाला. "मीही नाही दिली."